ड्रिल कोणी जाळली

माझा राग नाकावर असतो असं लोक म्हणतात. नाही हो बाप्पा. नाकावरचा राग बरा, शिंक आली की उडून जातो. माझा राग मुरतो, बरणीतल्या लोणच्यासारखा. एकदा बायकोनं माझा शर्ट खिसा न तपासता धुतला. खिशात एका सर्किटची आकृती होती, दोन रविवार बसून हातानं काढलेली. तिचा लगदा झाला. मी पंचवीस दिवस बायकोशी बोललो नाही. पोळी हवी असली की ताट पुढे सरकवायचो, नको असली की ताटावर हात धरायचो. पुढे कितीतरी वर्षं लग्नाकार्यात हा किस्सा मी हसत हसत सांगायचो आणि लोकही पोट धरून हसायचे. तीही हसायची, म्हणजे मला तसं वाटायचं.

मी खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो. बिघडलेली मीटरं, कार्डं, कंट्रोलर टेबलावर यायची आणि ती उघडायची, जळालेलं शोधायचं, बदलायचं, हेच काम. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला माझा दोस्त बसायचा. तीस वर्षं तो पलीकडे आणि मी अलीकडे. कॉलनीत क्वार्टरही समोरासमोर. त्याच्या घरची मिरचीची भाजी मला आवडते हे त्याच्या बायकोला माहीत होतं आणि माझ्या घरची कढी त्याला लागते हे माझ्या बायकोला. आमच्या हिच्याशी तो माझ्यापेक्षा जास्त बोलायचा, कारण तो बोलका आणि मी हा असा.

त्या टेबलावर आम्हा दोघांची एक रीत होती. ज्यानं वस्तू दुरुस्त केली त्यानं तिचा स्विच दाबायचा नाही, दुसऱ्यानं दाबायचा. तो म्हणायचा, "ज्यानं केलं त्याले आपल्या कामाचा भरोसा असते. भरोसा असणाऱ्यानं तपासू नये." मी केलेली वस्तू तो उलटीपालटी करून पाहायचा, सोल्डरचा एखादा टाका डोळ्याजवळ नेऊन बघायचा, मग हळूच स्विच दाबायचा. त्याची मी दाबायचो. तीस वर्षांत ही रीत आम्ही एकदाही मोडली नाही.

खंडेनवमीला प्लँटमध्ये मशिनींची पूजा असायची, कॉलनीतल्या बायकापोरांनाही बोलावणं असायचं. माझा दोस्त बुद्धाला मानणारा, दसऱ्याला तो दीक्षाभूमीला जाणार. पूजापाठाशी त्याचं काही घेणंदेणं नाही. पण पूजेच्या आधी लाइन बंद आहे का आणि नंतर मशीन आतून कोरडी झाली का ते पाहायचं काम त्यानं आपल्याकडे घेतलं होतं. "तुम्ही देवाच्या नादात करंट विसरून जासान," म्हणायचा. नारळ फुटायचा, लोखंडावर पाणी उडायचं, सगळं पुसून कोरडं झालं की मशीन एकदा फिरवायची, तेव्हा पूजा पूर्ण. मग पेढे. ते तो आमच्यापेक्षा दोन जास्त खायचा.

निवृत्त झाल्यावर मी नागपुरात मानेवाड्याकडे घर बांधलं, तो शहराच्या दुसऱ्या टोकाला इंदोऱ्यात राहायला गेला. मी एक चांगली हॅमर ड्रिल घेतली, बटण जितकं दाबू तितका वेग वाढणारी. तो म्हणाला, "मंग मी काहून घेऊ? दोन घरात एक पुरते." पुरली. लागली की न्यायचा, काम झालं की आणून द्यायचा. आणि एक गोष्ट तो कटाक्षानं पाळायचा. आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारं पाटावर मांडतात, पान्ह्यापासून विळीपर्यंत सगळी. त्या दिवशी आपलं हत्यार दुसऱ्याच्या घरी असू नये अशी आमच्याकडची समजूत. तर ड्रिल त्याच्याकडे असली आणि नवरात्र आलं, की अर्धं काम टाकून तो अष्टमीला आणून द्यायचा. स्वतः मानत नव्हता, पण माझं मोडू द्यायचा नाही.

हे सगळं आधी सांगितलं ते यासाठी, की पुढे जे झालं ते अशा माणसाबरोबर झालं.

दोन वर्षांपूर्वीच्या नवरात्रात मी पुण्याला होतो. लेकीनं नवा फ्लॅट घेतला होता आणि तिथल्या वायरिंगवर माझा विश्वास नव्हता. बायको इथंच राहिली. दिवाळीला चार दिवस असताना मी परतलो आणि आकाशकंदिलाचा हुक ठोकायला ड्रिल काढली. पिन लावली, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. नाक जवळ नेलं तर जळका वास. तो वास मी आयुष्यभर हुंगला आहे, माझी फसगत होत नाही. आतलं स्पीड कंट्रोलचं कार्ड गेलं होतं.

"ही कोणाच्या हातात होती?" मी विचारलं.

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "भाऊजीनं आणून देली होती, अष्टमीले."

ती चकल्या तळत होती. बाहेर आली नाही.

मी लागलीच दोस्ताला फोन केला. तो अर्ध्या तासात आला, हातात फराळाचा डबा घेऊन. मी डब्याकडे पाहिलंही नाही.

"काय बे, जाळून आणून देली न सांगतलं पण नाही?"

"जाळून?" तो हसायला लागला. त्याला वाटलं मी गंमत करून राहिलो. "चालती आणून देली गा. इथंच पिन लावून, वहिनीसमोर फिरवून दाखवली. विचार तिले."

मी आत हाक मारली. बायको दारात आली, हात पिठाचे.

"काय वं, हा म्हणते तुह्यासमोर मशीन चालवली. चालली होती का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, त्याच्याकडेही नाही. म्हणाली, "मले नाही लक्षात. मी कामात होती."

आता सांगा, याच्यावर माणसानं काय समजावं? माझी बायको खोटं कशाला बोलेल? ती काही त्याची दुश्मन नव्हती. मी त्याच्याकडे वळलो. एक वस्तू जळली याचा राग नव्हता मला, वस्तू जळतात, त्याच धंद्यावर आमची पोटं भरली. पण तीस वर्षं ज्याच्या हातानं माझ्या कामाचा स्विच दाबला गेला, तो तोंडावर खोटं बोलतो? वर माझ्या बायकोला साक्षीला बोलावतो? चोराच्या उलट्या बोंबा! आणि मग मी ते वाक्य बोललो. सांगायला आज जीभ जड होते, पण सांगायला पाहिजे.

मी म्हणालो, "हत्याराची पूजा करत नाही ना, म्हणून कदर बी नाही तुले."

बायको दारातून आत गेली. त्यानं हेल्मेट उचललं, डबा स्टुलावर तसाच ठेवला आणि गेला. मोटरसायकल सुरू व्हायला जरा वेळ लागला, दोनतीन किका माराव्या लागल्या, तेवढा वेळ मी खिडकीत उभा होतो. मला वाटलं तो परत आत येईल आणि मला चार शिव्या देईल. आला नाही.

तीन आठवड्यांनी आला. फाटकाशीच उभा राहिला, आत आला नाही.

"माह्याच हातून जळली गा," म्हणाला. "त्या दिवशी भ्यालो न खोटं बोललो. माफ कर."

बघा! मला तर असं झालं की कोणीतरी दुसऱ्यांदा थोबाडीत मारली. तोपर्यंत मनाच्या एका कोपऱ्यात शंका होती की चुकतंय का आपलं काही. ती पण गेली. म्हणजे हा माणूस खोटं बोलला, आणि शपथेवर बोलावं तसं हसत हसत बोलला. मी म्हणालो, "चूक माफ करतो मी. खोटं नाही करत." आणि फाटक लावून घेतलं.

बस. त्या दिवसापासून बंद.

ड्रिल मी दुरुस्त केली नाही. मला अवघड नव्हती, अर्ध्या दिवसाचं काम. पण मी ठरवलं की उघडायची नाही. तिला डब्यात घालून माळ्यावर टाकली आणि तिचं नाव ठेवलं मुद्देमाल. कोणी विचारलं, तुमच्याकडे ड्रिल होती ना, की म्हणायचो, होती, आता मुद्देमाल आहे, आणि मग सगळी कथा सांगायचो. निदान दहा जणांना तरी सांगितली असेल. आमच्या पेन्शनवाल्यांच्या बैठकीत तो आला की मी खुर्ची फिरवून बसायचो. त्याच्या मुलाचं लग्न झालं. पत्रिका आली, त्याच्या हातच्या अक्षरात माझं नाव होतं. मी गेलो नाही आणि बायकोलाही जाऊ दिलं नाही. ती त्या दिवशी जेवली नाही. मला वाटलं, असेल कसला तरी उपास.

खोटं कशाला सांगू, या दोन वर्षांत मला त्याची फार आठवण आली. मिक्सर दुरुस्त केला तर स्विच दाबायला कोणी नाही. मी मिक्सर टेबलावर ठेवून दहा मिनिटं बसलो, मग शेजाऱ्याला हाक मारली. त्यानं काही न पाहता खटकन बटण दाबलं. चालला मिक्सर, पण मजा नाही आली. रागही आला, आणि तोही दोस्तावरच आला. याच्यापायी आपल्यावर ही पाळी आली, असं वाटलं.

या उन्हाळ्यात कूलरचं स्टँड सुटलं. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद म्हणजे घर की भट्टी सांगता येत नाही. भिंतीत चार भोकं पाडायची होती. शेजाऱ्याची ड्रिल गावाला गेलेली. बायको म्हणाली, "कोणाले तरी बोलवा." मी म्हणालो, "काहून? माह्याजवळ मशीन आहे." मी माळ्यावरून मुद्देमाल खाली काढला. मनात म्हटलं, खटला निकाली निघून दोन वर्षं झाली, आता वस्तू मोकळी करायला हरकत नाही.

पेपर पसरला, चष्मा लावला, आठ स्क्रू काढले, अर्धं कवच उचललं.

पहिल्यांदा दिसल्या मुंग्या. मेलेल्या, वाळलेल्या, बारीक काळ्या, एकीला एक चिकटून. ड्रिलमध्ये मुंग्या कशाला येतील? ग्रीस काही मुंग्या खात नाहीत. स्विचच्या मागे काडेपेटीएवढं कार्ड असतं, ते बाहेर ओढलं. वेग कमीजास्त करणारा तीन पायांचा पार्ट, ट्रायॅक म्हणतात त्याला, त्याचं पोट फुटलं होतं, खालची तांब्याची पट्टी उखडून काळी पडली होती. ते अपेक्षितच होतं. पण कार्डावर एक तपकिरी चिकट थर वाळला होता. बोट लावलं तर गुळासारखं ओढलं. कडेला लाल डाग. आणि कवचाच्या खाचेत दोन तांदळाचे दाणे. पिवळे.

हळदीत घोळलेले तांदूळ, अक्षता. लाल ते कुंकू. आणि तो चिकट थर काय होता हे मला मुंग्यांनी सांगितलं. नारळाचं पाणी.

पंखा फिरत होता आणि पेपरचा कोपरा फडफडत होता. त्याच्या घरी कुंकू नाही, अक्षता नाही, नारळ फोडणं नाही. मी पूजा करतो तेव्हा कोरड्या बोटानं एक टिकला लावतो, बाहेरून, आणि ड्रिलला पाण्याचा थेंब लागू देत नाही. विजेच्या वस्तूला पाणी लावायचं नसतं हे मला कोणी शिकवायला नको. आणि त्या खंडेनवमीला मी पुण्यात होतो. मग उरलं कोण?

बायको मधल्या खोलीत गहू निवडत होती. मी ते कार्ड नेलं आणि तिच्या ताटात, गव्हावर ठेवलं. तिनं हात लावला नाही. तिला विचारायचीही गरज पडली नाही.

"उघडली का शेवटी," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं, खाली बघून, गव्हातले खडे बाजूला करत करत. "तुम्ही पुण्याले होते. मले वाटलं, खंडेनवमी सुनी जाऊ नये. प्लँटात मोठ्या मशिनीची व्हायची, तशीच केली. हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, नारळ फोडला. पाणी तिच्या अंगावर गेलं. मी फडक्यानं पुसलं, बरोबर पुसलं. मंग तुम्ही सांगत होते ना, पूजा झाली का मशीन एकदा फिरवाच लागते, म्हणून पिन लावली. फट् आवाज झाला न धूर निघाला."

लाइन बंद करणारा तिथं नव्हता. कोरडं झालं का ते बघणारा नव्हता. तिनं आमची सगळी पूजा पाहिली होती, फक्त त्याचं काम पाहिलं नव्हतं, कारण तो ते मशिनीच्या मागे जाऊन, कोणाला न दिसता करायचा.

"न मंग त्या दिवशी?" मी विचारलं. "तो तुले साक्ष विचारून राहिला होता. त्यानं चालवून दाखवली होती ना?"

"होय. अष्टमीले दाखवली होती."

"मंग काहून म्हटलं लक्षात नाही?"

"भ्याली."

"कोणाले?"

तिनं वर पाहिलं. "कोणाले म्हणजे? एका शर्टाचे पंचवीस दिवस होते. हे त मशीन होतं."

तिनं ताट खाली ठेवलं.

"मी भाऊजीले सांगतलं," ती म्हणाली. "दिवाळी झाल्यावर तुम्ही भाजी आणाले गेले होते, तवा ऑटोनं इंदोऱ्याले गेली. त्यायच्या पाया पडत होती, त्यायनं पडू नाही देलं. मी म्हटलं, आता घरी जाऊन ह्यायले सांगून टाकतो, मंग काय व्हायचं ते होवो. तर ते म्हणे, सांगू नोका वहिनी. माह्यावरचा राग चार महिन्यात उतरन. तुमच्यावरचा जन्मभर राहीन. मी येऊन म्हणतो, मीच जाळली."

म्हणजे फाटकाशी उभं राहून त्यानं जी कबुली दिली, तीच खोटी होती. आणि चकल्यांच्या दिवशी जे म्हणाला ते खरं. मी खऱ्याला खोटं म्हणून हाकललं, आणि खोट्याला कबुली समजून फाटक लावलं. दोन वर्षं दहा जणांना जी कथा सांगत फिरलो ती सगळी उलटी होती. आणि मी सांगत असताना माझी बायको शेजारी बसलेली असायची, चहाचे कप गोळा करत.

आता तुम्ही म्हणाल, माणूस विरघळला असेल. नाही. मला आग लागली. सांगतो ना, मला त्या क्षणी त्या दोघांइतकं परकं जगात कोणी वाटलं नाही. बायको खोटं बोलली, तिचं मी समजू शकतो, घाबरलं माणूस बोलून जातं. पण दोघं बसले, माझ्याविषयी बोलले, आणि याला खरं सांगायचं नाही असं ठरवून टाकलं! मी काय लहान पोर आहे? पिसाळलेलं जनावर आहे, की पुढे पोळी टाकून बाजूनं निघून जायचं? माझा दोस्त गेला, माझी दोन वर्षं गेली, त्याच्या पोराच्या लग्नाला मी नव्हतो, आणि हे कशासाठी, तर माझ्या घरात शांतता राहावी म्हणून! मला कोणी विचारलं का, की बाबा, तुला शांतता पाहिजे की दोस्त पाहिजे? आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावलं तर सांगावं कोणाला?

"दोघायनं मिळून येडं बनवलं मले," मी म्हणालो.

"तुम्हाले नाही बनवलं," ती म्हणाली. "तुमच्यापासून वाचवलं. मले."

ते मला जास्त लागलं. मी कार्ड उचललं आणि बाहेर आलो.

त्यानंतर मी दुरुस्तीला लागलो, कारण दुसरं काय करणार? जुन्या टूथब्रशनं आणि स्पिरिटनं तो चिकट थर काढला. सुटायला तयार नव्हता, तीनदा धुवावं लागलं. मुंग्या चिमट्यानं एकेक उचलल्या. ट्रायॅकसाठी बर्डीवरच्या बाजारात गेलो, एका दुकानात नाही, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यानं चार दिवसांनी मागवून दिला. जळालेली पट्टी खरवडली आणि तिच्या जागी बारीक तार टाकून टाके मारले. हात पूर्वीसारखा स्थिर नाही आता, एक टाका तर दोनदा काढून पुन्हा मारला. वरून वॉर्निशचा हात दिला की पुन्हा ओल शिरू नये. अक्षतांचे ते दोन दाणे फेकवले नाहीत, एका डबीत ठेवले. का ठेवले, विचारू नका.

जेवायच्या वेळी ताट पुढे सरकवलं की पोळी येत होती. नको असली की मी हात धरत होतो.

शेवटी कवच बसवलं, आठही स्क्रू कसले. शंभर वॅटचा दिवा सिरीजमध्ये जोडला. काही चुकलं असेल तर दिवा भक्कन पेटतो आणि वस्तू वाचते, ही आमची टेबलावरची युक्ती. पिन लावली. बटणावर बोट ठेवलं.

आणि दाबवेना.

हे मी केलं होतं. मला माझ्या कामाचा भरोसा होता. भरोसा असणाऱ्यानं तपासू नये. शेजाऱ्याला बोलावता आलं असतं, त्यानं खटकन दाबलंही असतं. मी बोट काढून घेतलं, पिन काढली आणि फोन उचलला. दोन वर्षांत तो नंबर मी पुसला नव्हता, बघा. एवढा राग करून पुसला नव्हता.

दोन घंट्या गेल्या. काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. आधी त्याला चांगलं झापायचं की माझ्या घरात तू कोण ठरवणारा, आणि मग ते जुनं वाक्य परत घ्यायचं, कदर नाही म्हणालो ते. त्याची माफी मागायची, शब्दानं, त्याचं नाव घेऊन. या क्रमानं.

त्यानं उचलला. "बोल," म्हणाला. जसा काल भेटलो.

"ड्रिल उघडली," मी म्हणालो. "नारळाचं पाणी निघालं."

मी वाट पाहिली. मला वाटलं, आता म्हणेल, झालं ना समाधान. किंवा म्हणेल, दोन वर्षं लागली तुले. म्हणायला पाहिजेच होतं, त्याचा हक्क होता, मी ऐकूनही घेतलं असतं.

तो म्हणाला, "वहिनीले काही बोलला त नाही ना गा?"

माझं ठरवून ठेवलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं.

"नाही बे," मी म्हणालो. "एक शब्द नाही बोललो."

खोटं नव्हतंच ते. कार्ड उचलून बाहेर आलो तेव्हापासून एक शब्द बोललो नव्हतो.

मग त्यानं उसासा टाकला. तो उसासा मला तीस वर्षांपासून ओळखीचा आहे. माझ्या कामात कच्चा टाका दिसला की तो असाच टाकायचा.

"किती दिवस झाले?"

स्वयंपाकघरात ती कणीक तिंबत होती, परातीचा आवाज येत होता. मी मोजायला बसलो, आणि मोजायची गरज नव्हती.

"आठ," मी म्हणालो.

"मशीन ठेव बाजूले," तो म्हणाला. "मी येतो स्विच दाबाले. पहिले आत जा न तिले चहा मांग. तोंडानं मांग. फोन ठेवू नको, मी ऐकून राहिलो."